सेव्ह मारू का, काका?

तेर गावच्या स्टँडवर बसलेले रिकामटेकडे मल्लिनाथला काय काय म्हणतात ते माझ्या कानावर येतं. एकेकाचे दात पाडावेत असं वाटतं. पण पाडणार कोण? मी रेवणसिद्ध, धाराशिवात नेटवर्कची कामं घेणारा, पन्नाशी उलटलेला माणूस. मल्लिनाथ माझ्याकडं सहा वर्षं कामाला होता. त्याच्याबद्दल खरं काय ते सांगायचा हक्क कुणाला असलाच तर मला आहे, आणि ते आजपर्यंत न सांगणाराही मीच आहे.

तो तेरचा. बाप बब्रुवान मेंढरं राखतो, आई गजराबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पोरगं आयटीआय करून माझ्याकडं आलं तेव्हा त्याला भिंतीला भोक पाडून केबल ओढणं एवढंच येत होतं. पण डोकं असं तल्लख की काय सांगू! वर्षभरात स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली जिथं जोडतात तो डबा, उघडून त्याच्याशी कमांडच्या भाषेत बोलायला लागला. मी शिव्या घालायचो, तो हसायचा. "काका, तुमी शिव्या घातल्या की मला याद राहतंय," म्हणायचा. असला चावट.

गेल्या साली शहरातल्या एका खासगी दवाखान्याचं काम मिळालं. तिथं सगळी कॉम्प्युटरं एकाच नेटवर्कवर कोंबलेली. कॅमेरे, बिलाचा काउंटर, लॅब, आयसीयू, सगळा गोतावळा एकत्र. कॅमेऱ्यांनी लाईन अडवली की लॅबचे रिपोर्ट अडकायचे. डॉक्टर म्हणाले, वेगळं करा. म्हणजे एकाच स्विचमध्ये चार वेगळी नेटवर्कं पाडायची, त्यांना व्हीलॅन म्हणतात. पण वेगळी पाडली की ती एकमेकांशी बोलणं बंद करतात. लॅबचा रिपोर्ट आयसीयूला दिसायला हवा, म्हणून त्यांच्यामधून रस्ता काढावा लागतो. तो रस्ता स्विचच काढून देतो, त्याला तसं सांगावं लागतं.

हेड सिस्टरला हे काही कळेना. तेव्हा मल्लिनाथनं सांगितलं, "सिस्टर, एकाच रानात चौघांची मेंढरं बसवायची तर मधी जाळी लावावी लागती का न्हाय? पण जाळीला दार पायजे, आन दारात माणूस पायजे. कुणाचं मेंढरू कुणीकडं सोडायचं ते त्यो बघतो. ह्यो डबा म्हंजी त्यो माणूस." सिस्टर खळखळून हसली. मला मात्र लई अभिमान वाटला. हे सांगणं माझ्याच्यानं झालं नसतं.

शनिवारी त्यानं जाळी घातली, म्हणजे चारही नेटवर्कं वेगळी केली. ते काम नीट बसलं, म्हणून रविवारी सेव्ह केलं. मधले तीन दिवस लॅबचा माणूस रिपोर्टचा कागद हातात घेऊन जिना चढायचा. बुधवारी दुपारी मल्लिनाथनं रस्ता सुरू केला. लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाला की आयसीयूच्या पडद्यावर लगेच दिसायला लागला. दवाखान्यानं लगोलग कागद बंद केला. घाई, दुसरं काय!

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. स्विचमध्ये काही बदललं की ते लगोलग चालू होतं, पण पक्कं होत नाही. पक्कं करायला सेव्ह मारावं लागतं. मी पोरांना शिकवलंय, नवीन काम एक दिवस तसंच चालू द्यायचं. कुठं अडकलंच तर स्विच बंद करून परत चालू करायचा, म्हणजे जुनं होतं तसं परत येतं. पूर्वी एकदा मी चुकीचं काम घाईनं सेव्ह केलं आणि एका कॉलेजात दोन दिवस जमिनीवर बसून ते निस्तरलं. तेव्हापासून हा माझा नियम. नियम वाईट नाही. आजही वाईट नाही म्हणतो मी.

बुधवारी चार वाजता मल्लिनाथचा फोन आला.

"काका, झालं बगा. रिपोर्ट पळायलेत. सेव्ह मारू का?"

"तुला किती डाव सांगितलंय? एक दिवस चालू दे."

"पण काका, ह्यांनी कागद बंद केला. मला वाटतंय मारून टाकावं."

"तू मालक हाईस का मी? उद्या मारू. तू आत्ता ढोकीची गाडी धर, तिथं दुकानात कॅमेरे बसवायचेत, त्यो माणूस कवापासनं बोंबलायलाय."

"बरं," म्हणाला. एवढंच बोलणं झालं. त्याला शंका आली होती, मला आली नव्हती. सेव्ह मारायला एक ओळ लिहावी लागते. एक!

गुरुवारी तो ढोकीतच अडकला. मी शहरात होतो, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. मला जाऊन ती ओळ लिहिता आली असती. माझ्या डोक्यातूनच गेलं. खोटं कशाला बोलू, साफ गेलं.

शुक्रवारी सकाळी अकराला लाईट गेली. स्विचखालच्या बॅटरीनं दम धरला नाही. जनरेटर लागायला दोन मिनिटं गेली, तेवढ्यात स्विच बंद पडून पुन्हा चालू झाला. रविवारी सेव्ह केलेलं सगळं परत आलं, चारही नेटवर्कं वेगळी. बुधवारचा रस्ता मात्र गेला. जाळी राहिली, दार गेलं.

आयसीयूत त्या दिवशी धुरपदाबाई होत्या. साठीच्या, शुगरच्या पेशंट, किडनी अधू झालेली. त्याही तेरच्याच, मल्लिनाथच्या आळीपासून दोन गल्ल्यांवरच्या. त्यांचं रक्त सकाळी तपासायला गेलं होतं. बाराच्या सुमारास लॅबनं रिपोर्ट काढला. पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदय कधीही बंद पडावं, माणसानं हातातलं काम टाकून पळावं. लॅबच्या कॉम्प्युटरवर 'पाठवला' अशी हिरवी खूण आली. आयसीयूच्या पडद्यावर काहीच आलं नाही. सिस्टर दर थोड्या वेळानं बघत राहिली, तिला वाटलं, अजून तपासणी चालू असेल. लॅबला वाटलं, वर पोचलं. अरे, फोन उचलून विचारायला काय झालं होतं तुम्हाला? दोन मजल्यांचा तर दवाखाना! पण कागद होता तेव्हा माणूस जिना चढायचा आणि तोंडानं सांगायचा. पडदा आला आणि सगळ्यांनी पडद्यावर भरवसा टाकला.

अडीच वाजता धुरपदाबाईंचं हृदय थांबलं. त्यांचा मुलगा कृष्णराज बाहेर बाकड्यावर बसला होता, आईसाठी घरून आणलेली पेज मांडीवर घेऊन.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मल्लिनाथ तीन दिवस जेवला नव्हता, शर्ट अंगावर लोंबत होता.

"हे काम कोणी केलं?"

"म्या केलं, सर."

"मग सेव्ह का केलं नाही?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मागणं असं काही नव्हतं त्याच्या नजरेत, नुसतं बघितलं. मी फरशीकडं बघत बसलो. माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं, आणि किल्ली माझ्याच खिशात होती. तो म्हणाला, "राहिलं, सर."

इथवर झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी वर काय बोलावं? "सर, लहान हाय, चुकलं त्याचं. पुढं मी स्वतः बघतो." सव्वीस वर्षांच्या, माझ्याहून हुशार माणसाला मी लहान म्हणालो! दवाखान्यानं काम माझ्याकडंच ठेवलं. अट एवढीच, हा परत दिसायला नको. मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मल्ल्या, आरं..." तर तो म्हणाला, "असू द्या, काका. तुमची पोरं शिकायलीत." आणि तेरच्या गाडीकडं गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावात जाऊन त्यानं स्वतः कृष्णराजला सांगितलं, माझ्या हातनं झालं म्हणून. दुसरा असता तर तोंड लपवून पुण्याला पळाला असता. हा गेला, सांगितलं, दारात बसून राहिला. कृष्णराजनं हात उगारला नाही. दार लावून घेतलं. त्या दिवसापासून गजराबाईला कुणी खुरपायला बोलावत नाही. मल्लिनाथ बापामागं मेंढराकडं जातो. फोन वापरत नाही.

परवा कृष्णराज माझ्या दुकानात आला. मी त्याला बसवलं, चहा सांगितला. तो टेबलाकडं बघत म्हणाला,

"मला भांडायचं न्हाय. गजराबाई माझ्या आईसारखी हाय. परवा माझ्या पाया पडली. म्हनली, पोरगं अन्नाला शिवंना झालंय, त्याला एकदा माफ केलं म्हण. म्या म्हणीन. पण आदी मला खरं कळू द्या. ती म्हनती त्यानं काम झालं त्या दिवशी कुणाला तरी फोन करून इचारलं हुतं. त्यो म्हनतो न्हाय, माझं मीच इसरलो. इसरला असंल तर माझी आई त्याच्या इसरण्यापायी गेली, मला त्याला माफ करता येत न्हाय. इचारलं असंल आन कुणी नको म्हनलं असंल, तर गोष्ट येगळी हाय. तुमाला केला हुता का फोन?"

सगळी ओळ जिभेवर होती. व्हय, मला केला होता, मीच नको म्हणालो. एवढंच तर बोलायचं होतं. दवाखान्याचं काम गेलं असतं, नाव गेलं असतं, कदाचित केस झाली असती. मल्लिनाथ दोन घास जेवला असता.

"केला हुता," मी म्हणालो. "ढोकीची गाडी कितीला हाय म्हणून."

"सेव्हचं काय न्हाय?"

"न्हाय."

कृष्णराजनं मान हलवली. "मंग त्याला माफी न्हाय," म्हणाला, आणि उठला. चहा यायचा होता. मी त्याला पायऱ्यांपर्यंत सोडायला गेलो.