नेच्याला वारा सोसत नाही

घरमालकीण काकूंचा कुंडीतला नेचा, म्हणजे फर्न, माझ्या खोलीच्या खिडकीत असतो. त्याला ऊन चालत नाही, नळाचं पाणी चालत नाही. काकू रोज सकाळी फिल्टरच्या पाण्याचा फवारा मारतात आणि त्याला विचारतात, "बरं वाटतंय ना, सोन्या?" मग मला म्हणतात, "खिडकी बंदच ठेव गं. त्याला वारा सोसत नाही."

आमच्या गावच्या विहिरीत दगडांच्या फटींतून नेचे आपोआप उगवतात. त्यांचे लाड कुणी करत नाही. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. निघताना आई म्हणाली होती, "लोकांच्या घरी आवाज चढवू नको." म्हणून या उकाड्यात मी बंद खिडकीशी घामाने भिजत अभ्यास करते.

आज एका पानाची कड करपलेली दिसली.

"उघडलीस ना खिडकी?"

"नाही, काकू."

"मग काय आपोआप करपलं?"

त्या गेल्यावर मी पुस्तक आपटून मिटलं. काकूंचा राग आलाच, पण माझ्या त्या पडेल 'नाही, काकू'चा जास्त आला. काहींचा नाजूकपणा सगळं घर सांभाळतं. काहींना मात्र काय सोसत नाही, हे कुणी विचारतच नाही. आणि कदाचित आम्हीही सांगत नाही.

मी कुंडी उचलून कपाटाच्या आडोशाला ठेवली. खिडकी सताड उघडली.

उद्या काकू आल्या की सांगणार आहे, आवाज न चढवता. त्याला वारा सोसत नाही, आणि मला उकाडा.