घरात पेटी नसल्याचा दाखला

बिंदुमाधव खांबेटे यांनी आयुष्याची एकतीस वर्षं टेलिफोनची घंटी ऐकण्यात घालवली. बंगळूरला के. आर. पुरमजवळच्या सरकारी टेलिफोन कारखान्यात, तपासणी विभागात त्यांचं टेबल होतं. समोर फोन आला की घंटी वाजवायची, मान जरा तिरकी करायची आणि "पास" किंवा "परत" म्हणायचं. काम एवढंच. पण सांगलीहून आलेल्या या माणसाच्या कानात सूर असा मुरलेला की नुसती घंटी वाजली म्हणून त्याचं समाधान होत नसे. "साहेब, हा काळी दोनमध्ये वाजतोय आणि बाकीचे पांढरी तीनमध्ये," असं ते वरिष्ठांना गंभीरपणे सांगत. वरिष्ठ फोन पास करत.

घरी पत्नी श्यामला आणि एक पेटी. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी संगीत नाटक व्हायचं आणि पेटीवर बिंदुमाधवच बसायचे. श्यामलाबाई सांगलीला एकोणिसाव्या वर्षी एकदाच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. पुढे लग्न झालं, बंगळूर आलं. मंडळात स्त्रीभूमिका दोन नाहीतर तीन, आणि त्या करायला दरवर्षी कुणाची तरी नवी सून तयार असायची. श्यामलाबाईंच्या हातात नाटकाची वही आली आणि सत्तावीस वर्षं त्या विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवत राहिल्या.

नव्याण्णव साली मात्र नवल घडलं. राणीची भूमिका करणारी बाई नवऱ्याच्या बदलीबरोबर हैदराबादला गेली, आणि मंडळानं ती भूमिका अठ्ठावन्न वर्षांच्या श्यामलाबाईंना दिली. त्या रात्री बिंदुमाधवांना त्या न्हाणीघरात हलक्या आवाजात राणीचं पद म्हणताना ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत थिएटरच्या भाड्याचा प्रश्न निघाला. मंडळाची तिजोरी नेहमीसारखीच होती. बिंदुमाधव उभे राहिले आणि म्हणाले, "भाडं मी भरतो." एवढं बोलून त्यांनी खाली बसावं असं सगळ्यांना वाटलं, आणि ते बसलेही.

आठवड्याभरात पेटीचा भाता फाटला.

पुतण्या मुकुल नुकताच पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आला होता. एचएसआर लेआउटमध्ये, जिथं तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते, तिथं तीन मित्रांबरोबर राहायचा. तो म्हणाला, "काका, दुकानं कसली शोधताय? इंटरनेटवरून मागवू. तुमच्या बँकेनं ते नवीन कार्ड दिलंय ना, त्याचा नंबर द्या फक्त."

"पेटी वाजवून बघायची कशी?"

"फोटो आहे की."

नऊ हजारांची पेटी मुंबईच्या एका कंपनीकडून मागवली गेली. त्याच संध्याकाळी श्यामलाबाईंनी जुन्या रेनकोटचं कापड कापून, खळ लावून फाटक्या भात्याला ठिगळ मारलं. पेटी पहिल्यापेक्षा चांगली वाजायला लागली. बिंदुमाधवांनी मुकुलला फोन केला, मुकुलनं ऑर्डर रद्द केली. "झालं, काका. तीन-चार दिवसांत पैसे सुटतील."

"सुटतील म्हणजे? अडकलेत कुठे?"

त्याचं उत्तर बँकेत मिळालं. चौथ्या दिवशी बिंदुमाधव थिएटरचे उरलेले सात हजार काढायला गेले तेव्हा काउंटरवरच्या हुद्दारांनी पासबुक उलटंपालटं केलं. गुरुराज हुद्दार धारवाडचे, मराठी चांगलं बोलायचे, प्रत्येक वाक्याला शेपटी लावल्यासारखं 'री' जोडून.

"पैसे आहेत री तुमचे. नऊ हजार सहाशे चाळीस."

"मग सात हजार द्या."

"सहाशे चाळीस देतो. बाकीचे धरून ठेवलेत."

"कुणी?"

"कंप्युटरनं."

"त्याला सांगा सोड म्हणून."

"तो इथं नाही री. मुंबईला असतो."

बिंदुमाधवांनी मुंबईच्या कंपनीला एसटीडी फोन लावला. तिथल्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की कंपनीला पैसे मिळालेलेच नाहीत, तर परत काय करणार. म्हणजे पैसे कंपनीकडे नव्हते, बँक म्हणायची तुमचे आहेत, आणि ज्यांचे होते त्यांना ते मिळत नव्हते. बूथमध्ये उभं राहून बिंदुमाधवांनी नऊ हजार रुपयांची कल्पना करून पाहिली. मुंबई आणि बंगळूरच्या मध्ये कुठल्यातरी खांबावर बसलेले त्यांना ते दिसले.

फत्तेसिंगरावांचं थिएटर चिकपेटजवळ. त्यांचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि नियमांत मात्र कसलीच भेसळ नव्हती. "अण्णा, शनिवारपर्यंत पूर्ण भाडं. नाहीतर त्या तारखेला एक लग्न उभं आहे बाहेर. स्वल्प उशीर झाला तरी लग्न आत, नाटक बाहेर."

बिंदुमाधव पुन्हा बँकेत. हुद्दारांनी एक छापील फॉर्म काढला आणि चष्मा पुसला. धरलेली रक्कम पंचेचाळीस दिवसांनी आपोआप सुटते. त्याआधी हवी तर दोन वाटा. एक, माल परत पाठवल्याची पावती.

"माल आलाच नाही. परत काय पाठवू?"

"ते खरं री. काही लोक माल मागवून घेतात, मग परत पाठवतात. पावती मिळते."

"दुसरी वाट काय?"

"माल घरात नाही याचा दाखला. बँकेचा माणूस घरी येऊन बघतो आणि लिहितो, 'होय' किंवा 'नाही'. बँकेचा माणूस म्हणजे मीच. गुरुवारी येतो. मालाचं वर्णन काय?"

"हार्मोनियम. एक नग," बिंदुमाधव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या घरात हार्मोनियम आहे. एक नग.

खरं तर तिथंच सगळं सांगून टाकायचं. पण एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात काढलेल्या माणसाला छापील फॉर्मपुढे खरं बोलायची भीती वाटते, खरं बोलल्यावर आणखी एक फॉर्म निघतो म्हणून. गुरुवारी सकाळी त्यांनी पेटी दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली, तिच्यावर चादर पसरली, चादरीवर वर्तमानपत्र आणि वर चहाचा ट्रे. बघणाऱ्याला तिपाईच वाटावी.

"अहो, ही कसली सोंगं," श्यामलाबाई म्हणाल्या. "त्यांना सरळ सांगा की ही जुनी आहे."

"फॉर्ममध्ये जुनी-नवी नाही. होय आणि नाही आहे."

"मग पलंगाखाली तरी ढकला."

"पलंगाखाली तो बघेल. चहाखाली कोण बघतं?"

हुद्दार आले. स्वयंपाकघर पाहिलं, कपाट पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. परत येऊन पेटीसमोर बसले आणि तिच्यावरूनच कप उचलून चहा प्यायले. फॉर्म बाहेर काढला, पेनाचं टोपण काढलं. एवढ्यात भिंतीवर टांगलेला राणीचा शालू त्यांना दिसला.

"नाटक आहे का री?"

"आहे. ही राणी," बिंदुमाधव म्हणाले.

"आमच्या धारवाडला लहानपणी फार पाहिली री नाटकं. वहिनी, एखादं पद होऊ द्या. सही नंतर करतो."

श्यामलाबाई नको नको म्हणाल्या आणि मग उभ्या राहिल्या. सत्तावीस वर्षं कुणी त्यांना गा म्हटलं नव्हतं. डोळे मिटून त्यांनी पद उचललं, पण संकोचापोटी एक सूर वर उचललं. पहिली ओळ निघाली, दुसरीला आवाज ताणला. अंतऱ्यात आवाज आता फुटणार हे बिंदुमाधवांना दिसत होतं. हुद्दार पेन धरून बसलेले. एक शब्द लिहिला की सात हजार हातात. बिंदुमाधवांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

आणि मग उजवा हात सुटला. तो चादरीखाली गेला, डाव्यानं भाता ओढला, आणि तिपाईतून पांढरी चार वाजली. कप थरथरले. श्यामलाबाईंनी डोळे न उघडता तो सूर घेतला आणि पद खाली, आपल्या जागी, आणून ठेवलं. मग थांबायचं कुणाला सुचलं नाही. पूर्ण पद झालं, चादर घसरली, ट्रे हुद्दारांनी स्वतः उचलून मांडीवर घेतला.

पद संपल्यावर हुद्दारांनी ट्रे खाली ठेवला.

"पेटी आहे री," हुद्दार शेवटी म्हणाले.

"जुनी आहे. हा बघा रेनकोट," म्हणत बिंदुमाधवांनी भाता दाखवला.

"माझा विश्वास आहे री. तुमच्या हातावरच कळलं. पण इथं 'होय' लिहिलं तर कंप्युटर समजेल माल पोचला, आणि नऊ हजार कंपनीला जातील. 'नाही' लिहायचं तर..." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "आत्ताच ऐकली आहे. कसं लिहू?"

त्यांनी टोपण लावलं, फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि जाताना दारात म्हणाले, "सोमवारी परत येतो. तोवर काही होतं का बघा."

शनिवारी काहीच झालं नव्हतं. श्यामलाबाईंनी शालूची घडी घातली आणि तो ट्रंकेत ठेवला. बिंदुमाधवांना ते सोसवेना. त्यांनी पेटी उचलली, ऑटोत घातली आणि चिकपेट गाठलं.

"पैसे आहेत," ते फत्तेसिंगरावांना म्हणाले, "पण बँकेनं धरलेत. ही पेटी तारण ठेवा. पैसे सुटले की सोडवतो."

फत्तेसिंगरावांनी दोन पट्ट्या दाबून पाहिल्या. "नाटक पेटीशिवाय कसं करणार, अण्णा?"

"नाटक तुमच्याच थिएटरात आहे ना. पेटी इथंच असेल."

फत्तेसिंगराव विचारात पडले. असा नियम नव्हता, पण याच्याविरुद्धही नव्हता. "सरी, चालेल," ते म्हणाले, आणि पावती फाडली. "पण बाहेर जाणार नाही. तालीम करायची तर माझ्या ऑफिसात."

सोमवारी हुद्दारांनी पुन्हा सगळं घर पाहिलं. जिथं तिपाई होती तिथं फरशीवर पुसट चौकोन उरला होता. "गेली?"

"तारण ठेवली."

"म्हणजे आम्ही तुमचे पैसे धरले, आणि त्यांनी पेटी." हुद्दारांनी एकदा श्यामलाबाईंकडे पाहिलं आणि 'नाही' लिहिलं, ठळक, खाली रेघ मारून. "सात कामाचे दिवस री."

"प्रयोग रविवारी आहे."

"तिकीट मला एक द्या."

तो आठवडा तालमी फत्तेसिंगरावांच्या ऑफिसात झाल्या. लग्नाची तारीख ठरवायला आलेल्या मुलींच्या बापांना अंतरा संपेपर्यंत बाकावर बसावं लागे. गुरुवारपर्यंत फत्तेसिंगराव वह्या तपासताना राणीचं पद गुणगुणायला लागले, चुकीच्या सुरात, आणि बिंदुमाधव त्यांनाही दुरुस्त करू लागले.

प्रयोगाच्या संध्याकाळी फत्तेसिंगराव कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं की तारण ठेवलेली पेटी सहा ते साडेनऊ या वेळेपुरती सोडली असून त्यानंतर परत ताब्यात घेतली जाईल. बिंदुमाधवांनी सही केली. फत्तेसिंगराव खुर्ची घेऊन पेटीशेजारी विंगेत बसले, पहाऱ्याला.

श्यामलाबाई शालू नेसून आल्या. पहिल्या प्रवेशात त्यांचा आवाज बारीक निघाला, दुसऱ्यात सावरला. तिसऱ्या अंकाच्या शेवटी राणी एकटी उरते आणि ते पद येतं. त्या पुढे झाल्या, प्रकाशाच्या अगदी कडेपर्यंत, आणि बिंदुमाधवांनी सूर धरला. या वेळी त्यांना काही दुरुस्त करावं लागलं नाही.

पद संपलं. टाळ्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या रांगेतून धारवाडी आवाजात कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर री!"

श्यामलाबाईंनी विंगेकडे पाहिलं. बिंदुमाधवांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊला एक मिनिट कमी होतं. त्यांनी पट्ट्यांवरून हात उचलले आणि फत्तेसिंगरावांकडे वळले.

फत्तेसिंगरावांनी खिशातून कागद काढला. साडेनऊ खोडलं, वर दहा लिहिलं, शेजारी छोटी सही केली, आणि हातानं खूण केली की चालू द्या.