त्याने पुसले ते डोळे

मालकाने माझं मनगट पकडलं. ज्या पॉलिश पेपरने त्याने नुकतेच गणपतीचे डोळे घासून काढले होते, तोच माझ्या बोटांवर चालवला. चार वेळा. मी मोजलं. तिसऱ्या वेळेला रक्त आलं.

"मासळी साफ करणारे हात," तो म्हणाला. "देवाला वास लागतो."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मनवेलपाड्याचं जोडपं. पाच मिनिटांपूर्वी त्या दोघांनी त्याच डोळ्यांपुढे हात जोडले होते. आता नवरा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." बायको भिंतीकडे बघत राहिली.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा. दोन मुलींचा बाप. अर्नाळ्याच्या कोळ्याचा मुलगा. नोकरी वसईला, मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तिथे माझं काम मोजायचं. सीझनला मात्र संध्याकाळी आणि रविवारी निर्मळच्या वाटेवरच्या या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम. बारा वर्षं. अंग, पीतांबर, दागिने, उंदीर. डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी फक्त मालकाची, तीन पिढ्यांची. तो आखणीला बसला की आम्ही सहाजणांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. नजर लागते म्हणे. नजर कसली? आमचा हात शिकेल याची भीती.

मी तरी शिकलो. तयार मूर्तींचे डोळे मोजून शिकलो. फूटभर मूर्तीला डोळा अठरा मिलिमीटर लांब, सात उंच, बुबुळाचा वरचा तिसरा भाग पापणीखाली. घरी फुलपाड्याला, साच्यातून खराब निघालेल्या प्लास्टरच्या तोंडांवर सराव केला. माळ्यावर अशी त्रेचाळीस तोंडं जमली होती. मला वाटायचं, माप जुळलं की मी त्याच्या बरोबरीचा झालो.

त्या दिवशी चतुर्थीला दोन दिवस उरले होते. मालक रक्तातली साखर तपासायला गेला आणि तिकडेच अडकला. दारात गिऱ्हाईक, बाहेर टेम्पो. एकाच मूर्तीचे डोळे राहिलेले. मी ब्रश उचलला. सात मिनिटांत दोन्ही डोळे झाले. मालक परतला तेव्हा ती बाई कौतुकाने म्हणाली, "यंदा डोळे फार सुंदर काढलेत हो तुम्ही." त्याने मूर्तीकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या ब्रशकडे. आधी थोबाडीत बसली. मग पॉलिश पेपर.

मी काय केलं? हात धुतला, चिंधी बांधली आणि चार पीतांबर पुरे केले. हे लिहिताना लाज वाटते. म्हणूनच लिहितो.

मालकाने त्या मूर्तीला नवे डोळे काढले. ती टेम्पोत चढवण्याआधी मी खिशातलं मापाचं व्हर्निअर डोळ्यांना लावलं. अठरा. सात. माझ्या डोळ्यांशी फरक शून्य.

म्हणजे त्याने पुसले ते त्याचेच डोळे होते. मी रक्त सांडलं तेही त्याच्याच मालासाठी. माझं तिथे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती त्रेचाळीस तोंडं गच्चीवर नेली आणि हातोड्याने फोडली. प्रत्येक घाव मालकाच्या तोंडावर मारला. खोटं सांगत नाही, तो समोर असता तर तिथे प्लास्टर फुटलं नसतं. चिंधी पुन्हा लाल झाली. बायको तिथेच कपडे वाळत घालत होती. तिने थांबवलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "फोडलीत ते बरं केलंत. पण अहो, यात तुमचं एक तरी होतं का?"

थोबाडीत लागली त्यापेक्षा हे जास्त लागलं.

पुढच्या रविवारी अर्नाळ्याला आईकडे गेलो. वय एकाहत्तर, अजून बाजारात बसते. माझ्यासमोर एका माणसाने पापलेट उचललं, हुंगलं आणि तोंड वाकडं करून टोपलीत आदळलं. घाण पाणी तिच्या गालावर उडालं. तिने पुसलं नाही. त्याच्याकडे बघत राहिली. डावा डोळा पूर्ण उघडा, उजवा जरा बारीक. शेवटी त्याने मान वळवली. तो गेल्यावर मी विचारलं, तू मान खाली का नाही घातलीस?

"खाली का बघू? मासली माझी हाय."

मी बारा वर्षं अर्धमिटले डोळे गिरवत होतो. समोर माणसाचा हात सोलला तरी न हलणारे डोळे.

नवरात्रासाठी शाडूची फूटभर देवी केली. डोळे सोळा वेळा खरवडले. आधीचे सगळे मालकाचेच येत होते. हाताला सवयच ती. मग डोळ्यांत नुसता राग यायला लागला, देवी चावेल अशी. सतराव्या वेळेला ते आले. डावा डोळा दोन मिलिमीटरने मोठा. मोजून काढला नाही. काढून झाल्यावर मोजला. बायको समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ही बघतेय."

यंदा जूनमध्ये मालक स्वतः फुलपाड्याला आला. त्याचा हात आता कापतो. विसर्जन न करता घरात ठेवलेल्या देवीकडे त्याने पाहिलं. माझ्या बोटांबद्दल अक्षर काढलं नाही. म्हणाला, "हात आहे तुला. ये, आखणी तुझ्याकडे देतो. फक्त ही असली भुतं नकोत. डोळे आपल्या घराण्याचे काढ."

मी म्हणालो, "तुमचे डोळे मी पुन्हा काढणार नाही. आणि माझे काढायला तुमची परवानगी लागत नाही."

"असले कोण घेणार?"

"कोणी नाही घेतले तरी हेच काढीन."

तो उठला. मी उठलो नाही.

यंदा घरातच अकरा मूर्ती करतोय. बावीस डोळे. ज्याला आवडणार नाहीत त्याने मूर्ती नेऊ नये, ती माझ्या घरात राहील. पण पुसायला कोणी हात पुढे केला, तर तो हात मी मोडीन.