एकाच घरात वेगळं राहणं

आम्ही दोघंही नाशिकचे. लग्नानंतर त्याच्या नोकरीमुळे जयपूरला आलो आणि आदर्श नगरात भाड्यानं राहू लागलो. त्याचा कारखाना विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. माझं काम लॅपटॉपवर, घरूनच. तो यायचा तोवर माझं जेवण उरकलेलं असायचं. हळूहळू तो पुढच्या खोलीत झोपू लागला, मी आतल्या. ठरवून काहीच झालं नाही. भांडणंही नव्हती. भांडायला तरी समोरासमोर बसावं लागतं.

एका रविवारी चहा पिताना तोच म्हणाला, "एखाद्या वकिलाला भेटूया का?"

मी "हो" म्हटलं. दोघांनाही हायसं वाटलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वकीलबाई शांत होत्या. हिंदीत सगळं नीट उलगडून सांगत होत्या. दोघांची संमती असेल तर एकत्र अर्ज करायचा, साधारण सहा महिने थांबायचं आणि पुन्हा कोर्टात येऊन तेच सांगायचं. एकालाच सुटका हवी असेल, तर छळ किंवा सोडून जाणं असं काही कारण सिद्ध करावं लागतं, त्यात वर्षं जातात. आणि तिसरं, न्यायिक विभक्तता. त्यात एकत्र राहायचं बंधन सुटतं, पण घटस्फोट होत नाही.

"म्हणजे लग्न राहतं?" त्यानं मला मराठीत विचारलं.

"राहतं. पण मग आत्ताच्यापेक्षा वेगळं काय?"

तो पुन्हा वकीलबाईंकडे वळला.

संमतीच्या अर्जासाठी निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही तर एकाच घरात राहतो. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, एका छताखाली राहूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल, तर तेही वेगळं राहणंच. माझ्या संध्याकाळींना कायद्यात जागा होती तर. मला वाटत होतं, असं फक्त आमच्याच घरी होतं.

अर्जानंतर कोर्टानं समुपदेशकांपुढे बसवलं. सवयीनं आम्ही मराठीत बोलू लागलो. त्यांनी हात वर केला, "हिंदी में बोलिए, मुझे भी समझना है।" तो जरा अडखळला, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेरा घर आने का मन नहीं करता।" मराठीत हे वाक्य त्याच्या तोंडून कधीच आलं नव्हतं. मीही हिंदीतच सांगितलं, की त्याची गाडी खाली थांबली की मी दिवा मालवून पडून राहते. समुपदेशकांनी पाण्याचे ग्लास आमच्याकडे सरकवले. आम्ही पाणी प्यायलो.

मग तो कारखान्याजवळ एका मित्राकडे राहायला गेला. थांबायचे महिने सुरू झाले. नाशिकला कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंचा फोन आला की मी म्हणायचे, "ते अजून कामावरच आहेत." दिवसभर मीटिंगमध्ये बोलायचे आणि लॅपटॉप मिटला की उद्यापर्यंत आवाज काढायची गरजच पडायची नाही.

मधे एकदा तो आला. "कानोत्याला जाऊया?" शहराबाहेरच्या त्या धरणाच्या काठावर कुटुंबं डबे उघडून बसली होती. आम्ही जरा लांब बसलो.

"अर्ज मागे घेता येतो, माहितेय ना?" तो म्हणाला.

"माहितेय."

तो माझी वाट बघत होता. मी त्याची. समोरच्या बाईनं पुऱ्या वाढल्या, सगळ्यांचं खाऊन झालं, सतरंजी झटकून त्या लोकांनी घडी घातली. मग तो उठला. "चल, ट्रॅफिक लागेल."

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, काही दबाव आहे का? दोघांनीही नाही म्हटलं. बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "सांभाळून राहा." पुढच्याच महिन्यात त्यानं पुण्याला बदली घेतली.

मी इथेच राहिले. नाशिकला सांगितल्यापासून आई रोज म्हणते, परत ये. मी कामाचं कारण सांगते.

गच्चीवर शेजारच्या काकू विचारायच्या, "भैया दिखते नहीं?" मी दौऱ्यावर पाठवायचे त्याला. परवा खरं सांगून टाकलं. त्या माझ्याबरोबर माझे कपडे दोरीवरून काढायला लागल्या. त्या खाली गेल्यावर मी कपड्यांचा ढीग हातात घेऊन अंधार पडेपर्यंत तिथेच उभी होते.