वाचनालयाचा कायापालट

रिसोडहून मी एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. आमच्या वाचनालयाच्या पुढच्या भिंतीला रंग दिला, तेव्हा सवयीने लिहून टाकलं, ‘वाचनालयाचा कायापालट’. आमच्या बातम्यांत नाली उपसली तरी अख्ख्या वस्तीचा कायापालट होतो.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर खेड्यावरून जीपने आले. खिशात बातमीचं कात्रण होतं. वार्ताहर मीच, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “कायापालट कोठी हाय?”

मी भिंत दाखवली. ते आत फिरून आले. कपाटं तीच होती, वाळवीही तीच.

“मंग रंग देला, असं काहून नाई लेहलं?”

“मास्तर, बातमीत असंच लेहा लागते.”

“मले वाटलं, नवे पुस्तकं आले असतीन,” एवढंच बोलून ते परतीची जीप पाहायला निघाले.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात मी सरळ लिहिलं, ‘विहिरीतला गाळ काढला’. संपादकांचा फोन आला, “यात बदल काय झाला?”

“पाणी दिसून राह्यलं,” मी म्हणालो.

ती बातमी काही छापून आली नाही.