दिराची जिरवण्यासाठी शिकलेलं ड्रॉइंग

टर्नरबाईंचा दीर तसा वाईट माणूस नाही, असं नातेवाईक म्हणत. नातेवाईकांचं काय जातं म्हणायला!

बाईंनी नवऱ्याच्या बरोबरीने बावीस वर्षं लेथ, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत कातायचं मशीन, चालवला. वर्कशॉप नवऱ्याचं आणि दिराचं, निम्मं निम्मं. दीर ऑफिसात बसून गिऱ्हाईक सांभाळायचा, हे दोघे मशीनवर. बाईंचा हात असा बसला होता की गल्लीत त्यांना सगळे टर्नरबाईच म्हणत. मग नवरा गेला. तीन महिने झाले नाहीत तोच, पाकिटं भरायच्या कारखान्याचे मालक, म्हणजे वर्कशॉपचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, समोर बसलेले असताना दीर हसत हसत म्हणाला, "वहिनींचं काय, त्या नुसतं हँडल फिरवतात. आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं. ते त्यांच्या डोक्यावरून जातं." मालकही हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाटणी मागितली. वाट्याला आला सगळ्यात जुना लेथ. तो घरामागच्या गॅरेजमध्ये आणला, चार दिवस खपून लेव्हलमध्ये बसवला आणि बाई थेट मालकांच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, काम द्यायला माझी ना नाही," मालक म्हणाले. "वर्षभराचे बुश लागणार आहेत." बुश म्हणजे मशीनचा दांडा, शाफ्ट, ज्यात फिरतो ती जाड पितळी नळी. "पण आधी ड्रॉइंगची फाईल पाहिजे. तुमच्या दिराकडूनही मागवली आहे. महिन्याभरात द्या, दोन्ही बघतो आणि एकालाच काम देतो."

आता आली का पंचाईत! बावीस वर्षांत बाईंनी ड्रॉइंग काढलं ते खडूने, मशीनच्या पत्र्यावर. लेकीने आपला जुना लॅपटॉप गॅरेजमध्ये आणून ठेवला आणि विचारलं, "कोणतं सॉफ्टवेअर टाकू? नवशिक्यांसाठी सोपी सोपी आहेत."

"तुझ्या काकाकडे आहे तेच टाक."

"आई, ते मोठमोठ्या कंपन्यांचं आहे. काकाने त्याच्यासाठी पगारी माणूस ठेवलाय."

"तेच टाक म्हणते ना!"

टाकलं. महिनाभर फुकट वापरायला मिळत होतं. पडद्याच्या चारी बाजूंनी मुंग्यांसारखी बटणं. एक दाबलं की आणखी वीस उघडायची. बाईंनी अकरा दिवस त्याच्याशी झटापट केली. एकदा गोल काढला तो हवेत कुठेतरी जाऊन बसला, शोधून सापडेना. बाराव्या दिवशी त्यांनी माऊस आपटला तेव्हा लेक म्हणाली, "तुला बुश करायचाय की काकाची जिरवायचीय, एकदा ठरव बाई."

"दोन्ही. आधी जिरवायचीय."

"मग निदान जमेल अशा हत्याराने जिरव!"

ते मात्र बाईंना पटलं. दुसरं सॉफ्टवेअर लेकीने आणलं ते अगदीच पोरखेळाचं. तयार ठोकळे ओढायचे, एकमेकांना चिकटवायचे. अर्ध्या तासात बाईंनी बुश केला, घर केलं, वर एक हत्तीही केला. पण मापं घातलेला कागद त्यातून काही निघेना. शाफ्टला किती फट सोडायची ते लिहायचं तरी कुठे? हत्तीचं कौतुक झालं आणि तेही काढून टाकलं.

तिसरं साधं होतं. नेट गेलं तरी चालायचं, बटणं मोजकी. त्यात आधी अर्धा छेद काढायचा, म्हणजे बुश उभा चिरला तर एका बाजूला दिसेल तेवढा भाग. मग मधल्या रेषेभोवती तो फिरवायचा. लेकीने बटण दाबलं, छेद गर्रकन फिरला आणि पडद्यावर अख्खा बुश उभा राहिला. बाई स्टूलवरून उठल्याच. "अगं, हा तर लेथच आहे!"

पहिल्या दिवशी बुश दुप्पट जाड झाला. अर्ध्या छेदात बाई अख्खा व्यास घालत होत्या. टर्नर माणूस, त्रिज्येत कधी विचारच केलेला नाही. लेक हसून हसून बेजार झाली. मग बाईंनीच शोधून काढलं, की मधल्या रेषेच्या पलीकडे नेऊन माप टाकलं तर ते सॉफ्टवेअर आपण होऊन व्यास धरतं. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एक आकडा बदलला की सगळा बुश त्याप्रमाणे बदलायचा, आणि पुढचे दोन आठवडे बाई जेवताना, भांडी घासताना त्याचंच बोलत होत्या. "बघतेच आता भावजींकडे," हे वाक्य प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ठरलेलं.

ठरल्या दिवशी मालकांच्या टेबलावर दोन ड्रॉइंग शेजारी शेजारी पडली. दीर खुर्चीत ऐसपैस बसला होता. मालक चष्मा वर करून म्हणाले, "सगळं जुळतंय, फक्त भोकाचा आकडा जुळत नाही. ताई, तुमच्या दिराचा जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने जास्त आहे. बरोबर कोणाचा?"

बाईंनी एकदाच बघितलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. दिराच्या माणसाने मशीनमधून काढलेला जुना बुश मोजला होता. वापरून वापरून झिजलेला, भोक मोठं झालेला बुश! अशा मापाने नवे केले तर शाफ्ट पहिल्या दिवसापासून लटलट हलणार. जिभेवर आलं होतं.

"वहिनी नवीन आहेत हो कॉम्प्युटरवर," दीर म्हणाला. "होतात सुरुवातीला चुका."

बाईंनी जीभ आवरली. मान खाली घातली आणि म्हणाल्या, "माझाच चुकला असेल. भावजींचाच घ्या."

घरी येताना त्या चक्क गुणगुणत होत्या. बनव बाबा, बनव. दोनशे बनव, अगदी चकाचक पॉलिश मार. असं सुख त्यांना कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

बुश बसवले आणि दहा दिवसांत मालकांचा कारखाना बोंबलला. पाकिटं वाकडी चिकटू लागली, मग फाटू लागली. सैल फिरून फिरून शाफ्टवर चरे पडले, अकरा मशीनं बंद, बायका कामावर येऊन परत जाऊ लागल्या. दिराचे दोनशे बुश खोक्यात भरून त्याच्या दारात आपटले गेले. ही बातमी लेकीने आणली तेव्हा बाईंनी तिला ती दोनदा सांगायला लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः गॅरेजमध्ये आले. बाईंनी सकाळीच झाडून, लेथ पुसून ठेवला होता. मालक स्टूलवर बसले. थकलेले दिसत होते.

"ताई, तुमच्या ड्रॉइंगमधला तो आकडा कुठून आला होता?"

हा प्रश्न ऐकायला तर त्यांचे कान आसुसलेले होते! "शाफ्ट मोजून," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघं कायम शाफ्टच मोजायचो. जुना बुश मोजायचाच नसतो, तो झिजलेला असतो. अहो, भावजींचा आकडा बघितल्याबरोबर मी ओळखलं, गडी फसला म्हणून!"

मालकांनी चष्मा काढून हातात घेतला. आपण काय बोलून बसलो ते बाईंना कळायला थोडा वेळ लागला, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मालक शांतपणे म्हणाले. "मी समोर बसून विचारलं, आणि तुम्ही म्हणालात माझाच चुकला. तुमच्या दिराला अक्कल नाही, त्याला मी हाकललं. पण माहीत असून माझी मशीनं मरू देणाऱ्या माणसाला काम कसं देऊ, तुम्हीच सांगा."

मालक उठले आणि चालू लागले. वर्षभराचं काम गाडीत बसून निघून गेलं.

लेक ऑफिसातून आली तेव्हा बाई लेथपाशी बसल्या होत्या. झालेलं सगळं त्यांनी सरळ सांगून टाकलं, एक शब्दही लपवला नाही. लेकीने कपाळाला हात लावला. "आई! काय केलंस हे? एवढं शिकलीस, कशासाठी?"

बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पदराने पुसले आणि विचारलं, "पण तुझ्या काकाचंही काम गेलं ना? अगदी कायमचं?"

"गेलं."

"मग वाढ जेवायला," बाई म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लं नाही."