अनोळखी बाई, रंग काळा

समुद्रपूरकडच्या आमच्या गावात आई-बाबा दोघंही मजुरीला जायचे. घरात रंगपेटी कधी आली नाही, म्हणून मी चुलीतल्या कोळशानं भिंतीवर चित्रं काढायला शिकले. पुढं चित्रकलेची पदवी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आज मी पोलिसांसाठी चेहरे काढते. तेही बिनरंगाचेच.

त्या दुपारी एका ठाण्यातून फोन आला, मॅडम, लगेच या. पोचले तर नोटीस बोर्डासमोर एक बाई उभी. बोर्डावर नदीकाठी सापडलेल्या अनोळखी मृत बाईचं पोस्टर. चित्र माझं नव्हतं, कोणीतरी कम्प्युटरवर केलेलं. पंचनाम्यात 'रंग काळा' लिहिलं होतं, म्हणून चेहरा काळा भरून टाकलेला. झेरॉक्सची झेरॉक्स होत नाक गेलं, ओठ गेले. उरले दोन पांढरे डोळे. कुठंही सरका, ते आपल्याकडेच पाहायचे.

उभी होती ती इंदूबाई. घरी भांडून हिंगणघाटला कामाला गेलेली. तिच्या भावानं पोस्टर पाहून ही आमचीच म्हणून सांगितलं होतं, आणि संध्याकाळी प्रेत त्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. तिच्या कानावर आलं, तशी ती एसटी धरून आली.

"साहेब, मी तं जिती हावो," ती इन्स्पेक्टर साहेबांना म्हणाली. मग पोस्टरकडे वळून मला हळूच, "पण बाई, हे बी मीच हावो ना? मेल्यावर अशीच दिसीन का मी?"

तिला स्वतःचीच खात्री नव्हती. आष्टीकडची एक म्हातारीही ते पोस्टर पाहून हीच माझी लेक म्हणून रडून गेली होती.

साहेब वैतागले होते. प्रेत फार दिवस ठेवता येत नव्हतं. खरे नातेवाईक मिळाले नाहीत तर बेवारस म्हणून पुरायचं.

"आपल्याकडच्या या बाया सगळ्या सारख्याच काळ्या," ते म्हणाले. "चित्रात ओळखायचं कसं?"

"मीही काळीच आहे, साहेब. मला तर तुम्ही दारातच ओळखलंत."

मग त्यांनी चहा सांगितला.

नव्या चित्रासाठी मला दिलेले मृतदेहाचे फोटो फ्लॅशनं सपाट झाले होते. उजेड कसा पडतो ते पाहायला मी इंदूबाईला खिडकीपाशी बसवलं. गडद चेहरा म्हणजे पेन्सिलनं काळा केलेला चेहरा नव्हे. गडद कातडी चमकते. कपाळ, गालाचं हाड, खालचा ओठ, तिथं आम्ही कागद कोरा सोडतो. शेडिंग, म्हणजे तिरक्या रेघांची सावली, फक्त हाडाखाली, तीही थोडी. बाकी माणूस कळतो तो घडणीवरून. नाकपुडी किती रुंद, ओठाची कड कशी, केस कपाळावर कुठून उगवतात.

एक बाई खिडकीत, एक टेबलावरच्या फोटोत. एकीचा उजेड घ्यायचा, दुसरीचं नाक. इंदूबाई पापणीही हलवत नव्हती. ती श्वास घेतेय ना, हे मी मधूनच पाहत होते.

"मायाकडे पाहून तिले काढून राह्यल्या," ती म्हणाली. "मी त्यात अटकून नाई ना राहणार?"

फोटोतले डोळे मिटलेले होते. ओळखीसाठी ते उघडे काढावे लागतात. पापणीची शेवटची रेघ ओढली आणि कागदावरच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल खाली ठेवली.

इंदूबाई उठून जवळ आली. वाकून पाहिलं, मग स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं.

"नाई. ही दुसरीच हाये." तिथंच खाली बसून ती रडली. "कोणाची हाये वं बिचारी?"

साहेबांना चित्र पटेना. म्हणाले, "मॅडम, ही तर गोरी वाटते."

"कागद गोरा आहे, साहेब. बाई नाही. नाक पाहा."

त्यांनी फोटो शेजारी धरून पाहिलं आणि चित्र छपाईला दिलं. नवं पोस्टर एसटी स्टँडवर लागलं. या वेळी एकच माणूस आला. आमची आई, म्हणाला. तिचं मनगट पूर्वी मोडलं होतं, हे त्यानं कोणी न विचारता सांगितलं. ते शवविच्छेदनाच्या अहवालाशी जुळलं, पुढं डीएनएही जुळला.

तिचं नाव शकुंतला होतं. तिच्या मुलानं तिला घरी नेलं. तेव्हापासून त्या ठाण्याची चित्रं मीच काढते, आणि नुसत्या 'रंग काळा'वर तिथं कोणाचं प्रेत कोणाला दिलं जात नाही.